आधी बेत, मग कात्री

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या दर्यापूरकडे एरवी पावसाची वाट पाहण्यातच निम्मा आषाढ जातो, पण त्या वेळी झड लागली ती चार दिवस उघडलीच नाही. मधल्या खोलीचे छत गळू लागले आणि लाकडी कपाटावर ठेवलेला जुना अल्बम रात्रभर भिजत राहिला. सकाळी पाहते तो पानाला पान चिकटलेले! हलक्या हाताने सोडवायला गेले, तर फोटोतली माणसे वरच्या प्लॅस्टिकला चिकटून निघाली आणि माझ्या हातात नुसते पांढरे कागद उरले.

त्यात एक फोटो १९८१ सालचा होता. पहिल्या बाळंतपणानंतर सासूबाई अंजनगावहून सासरी परत आल्या, तेव्हा त्यांची आई त्यांना पोचवायला आली होती. त्या काळी मूर्तिजापूर ते अचलपूर अशी 'शकुंतला' ही छोटी गाडी वाफेच्या इंजिनावर धावत असे. १९९४ साली तिला डिझेलचे इंजिन आले, आणि आता तर गाडीच बंद झाली आहे. त्या गाडीच्या डब्यापुढे, बनोसा स्टेशनावर, कुणा पाहुण्याने हा फोटो काढला होता. दोघी मायलेकी उभ्या आहेत आणि मध्ये दुपट्यात गुंडाळलेली माझी नणंद. सासूबाईंच्या आईचा साऱ्या जन्मात निघालेला तेवढा एकच फोटो.

"काळजी करू नका आई, माझ्या मोबाइलमध्ये आहे तो!" मी मोठ्या तोऱ्यात म्हटले. दोन वर्षांपूर्वी मीच त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता ना! लगेच शोधून त्यांच्यापुढे धरला, आणि माझ्याच पोटात धस्स झाले. फोटोत सासूबाई होत्या, बाळ होते. पण डाव्या कडेला, दुपट्याखाली, नुसती चार बोटे आणि मनगटावरचे गोट दिसत होते. त्या वर्षी सासूबाईंच्या वाढदिवसाला 'स्टेटस'वर लावायचा म्हणून मी त्यांचा आणि बाळाचा तेवढा भाग ठेवला होता, बाकीचा कापून टाकला होता आणि वर 'सेव्ह' दाबून मोकळी झाले होते.

सासूबाई रागावल्या नाहीत. थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "माह्या मायचा हातच रायला वं."

मैत्रिणींनो, रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

मी बी.ए. झालेली बाई. इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. क्रॉप, रिसाइज, फिल्टर हे शब्द माझ्या तोंडात रोज असतात. शेजारच्या बायका "मॅडम, एवढा फोटो लहान करून द्या" म्हणून येतात. पण या शब्दांचे नेमके अर्थ काय, कोणते बटण दाबल्यावर फोटोतून काय कायमचे जाते, हे मी कधी समजून घेतलेच नव्हते. न बेतता कापडाला कात्री लावणाऱ्या शिकाऊ मुलीसारखी माझी गत. त्या दिवसापासून मात्र एकेक शब्द विचारून, वाचून, करून पाहून शिकले. ते सगळे आज आपल्याच भाषेत तुम्हाला सांगते.

ठिपक्यांची रांगोळी

पहिला शब्द पिक्सेल. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो, किंवा जाळीच्या कापडावर क्रॉस-स्टिचचे टाके घालून मोर भरतो. लांबून मोर दिसतो, जवळ जाऊन पाहिले तर एकेक टाका. मोबाइलमधला फोटोही अगदी तसाच. तो बारीक चौकोनी टाक्यांनी भरलेला असतो आणि प्रत्येक टाका एकाच रंगाचा. त्या टाक्याला म्हणायचे पिक्सेल.

फोटो '४००० बाय ३०००' आहे असे लिहिलेले असते, तेव्हा एका ओळीत ४००० टाके आणि अशा ३००० ओळी असा अर्थ. गुणाकार केला तर १ कोटी २० लाख टाके झाले. दहा लाख पिक्सेलचा एक मेगापिक्सेल, म्हणून तो फोटो १२ मेगापिक्सेलचा.

गंमत म्हणजे संगणकातल्या फोटोची सुरुवातच एका बाळाच्या फोटोने झाली. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या संशोधकाने कागदावरचा फोटो यंत्राने वाचून संगणकात घेतला. तो त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा होता. १७६ बाय १७६, म्हणजे जेमतेम ३१ हजार टाक्यांचा. तरी बापाला मुलगा ओळखू येत होता! आज आपल्या हातातला साधा फोन त्याच्या शेकडो पटींनी जास्त टाके घालतो.

एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे सोपे. फोटोची काटछाट म्हणजे हे टाके काढणे, बदलणे किंवा नवे घालणे. त्यापलीकडे काही नाही.

कापणे वेगळे, लहान करणे वेगळे

क्रॉप आणि रिसाइज या दोन शब्दांत आपण हमखास घोटाळा करतो.

क्रॉप म्हणजे कात्री. कडेचा भाग कापून टाकायचा, उरलेल्या भागातले टाके आहेत तसेच राहतात. मागे वाळत घातलेले कपडे आले, कुणाचा अर्धा खांदा आला, की क्रॉप करावे. पण कापलेला भाग गेला तो गेला.

रिसाइज म्हणजे सगळाच फोटो लहान किंवा मोठा करणे. त्यात माणसे सगळी राहतात, पण टाके कमी होतात. दोनशे टाक्यांत भरलेला मोर पन्नास टाक्यांत भरायला बसलो तर मोर होईल, पण डोळ्याचे बारीक काम जाईल. उलट पन्नास टाक्यांचा मोर दोनशेचा करायला गेलो, तर यंत्राला मधले टाके अंदाजाने भरावे लागतात. म्हणून लहान फोटो ताणून मोठा केला की तो धुरकट दिसतो.

रिसाइज करताना एक सांभाळायचे. लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण तेच राहायला हवे. तिथे बहुधा साखळीचे किंवा कुलपाचे चिन्ह असते, ते लावलेलेच ठेवा. नाहीतर नुसती रुंदी वाढते आणि चांगली शेलाटी मुलगी फोटोत लाटलेल्या पोळीसारखी पसरट दिसते. लग्नाच्या फोटोत असे झाले तर काय होईल, ते मी सांगायला नको!

माझ्या फोटोचे काय झाले होते, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. मी क्रॉप केले होते, आणि मूळ फोटोवरच 'सेव्ह' केले होते. काही फोनमध्ये अशा वेळी 'रिव्हर्ट' म्हटले की मूळ फोटो परत मिळतो. माझ्या फोनात तो मिळाला नाही.

दोन दिवस मी मनातून खचून गेले होते. मग रात्री भाकरी थापता थापता आठवले. कापण्याच्या आधी मी तो फोटो अकोल्याला नणंदेला पाठवला होता! "ताई, हे बाळ म्हणजे तुम्ही" असे वर लिहून. पिठाच्या हातानेच फोन लावला. त्यांनी शोधला, आणि सापडला. पुरा फोटो. आजी, आई, बाळ आणि मागे शकुंतलेचा डबा.

भिंतीवर केवढा लावता येईल?

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन गावातल्या एका फोटो स्टुडिओत गेले. म्हटले, "याची चांगली मोठी, दीड फुटाची फ्रेम करून द्या." तो मुलगा फोटो पाहून म्हणाला, "ताई, यात तेवढं रिझोल्यूशन नाही."

हा शब्द मी शंभरदा ऐकला होता. त्या मुलाने अर्थ समजावून दिला. कागदावर छापताना एका इंचात किती टाके बसवायचे, ते रिझोल्यूशन. त्यालाच डीपीआय किंवा पीपीआय म्हणतात. हातात धरून पाहायचा फोटो असेल तर इंचाला ३०० टाके चांगले. भिंतीवर, चार-पाच फुटांवरून पाहायचा असेल तर २०० किंवा दीडशेही चालतात. त्याहून विरळ झाले की टाके डोळ्यांना दिसू लागतात. विरळ विणीचा स्वेटर जसा दिसतो तसे.

आता हिशेब करू. ताईंकडून आलेला फोटो १६०० बाय १२०० होता. इंचाला ३०० टाके धरले तर फोटो सव्वापाच इंच बाय चार इंच. २०० धरले तर आठ बाय सहा इंच. दीड फूट म्हणजे १८ इंच धरले तर इंचाला ९० टाकेसुद्धा पुरत नाहीत. हा भागाकार पाचवीतली मुलगी करील, पण तो करायचा असतो हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

अर्जाच्या फोटोलाही हाच हिशेब लागतो. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा पासपोर्ट फोटो इंचाला ३०० टाक्यांनी छापायचा, तर ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात. त्यासाठी १२ मेगापिक्सेलचा भला थोरला फोटो अर्जाला जोडायची गरज नसते.

आटवलेले दूध

मी काढलेला फोटो तर ४००० बाय ३००० होता. मग ताईंकडे तो १६०० बाय १२०० कसा झाला? याचे कारण कॉम्प्रेशन आणि रिसाइज या दोन गोष्टींत आहे. व्हॉट्सॲपसारख्या मेसेजच्या अ‍ॅपवरून साध्या पद्धतीने फोटो पाठवला, की तो लवकर जावा म्हणून वाटेतच लहान केला जातो आणि दाबलाही जातो. १ कोटी २० लाख टाक्यांपैकी ताईंकडे १९ लाख पोचले. सहातला एक!

फोटोची फाइल किती जागा खाते, ते केबी आणि एमबीमध्ये मोजतात. साधारण हजार केबीचा एक एमबी. फोनवरचा मोठा फोटो तीन-पाच एमबीचा सहज असतो. ती जागा कमी करणे म्हणजे कॉम्प्रेशन.

हे दोन तऱ्हांनी होते. एक तऱ्हा साडीची घडी घालण्यासारखी. घडी घातली की साडी कपाटात मावते, उलगडली की पुन्हा नऊवार ती नऊवार. काही जात नाही. पीएनजी नावाची फाइल अशी असते. अक्षरे, सही, नकाशा, भरतकामाचा आलेख यांना ती चांगली.

दुसरी तऱ्हा दूध आटवण्यासारखी. लिटरभर दुधाचा वाटीभर खवा होतो, पण त्या खव्याचे पुन्हा दूध होत नाही. जेपीजी किंवा जेपीईजी फाइल या जातीची. १९९२ साली ठरलेली ही पद्धत तज्ज्ञांच्या ज्या गटाने तयार केली, त्याच्याच नावाची ही आद्याक्षरे. आपल्या डोळ्यांना उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून ही पद्धत आधी तो बारीक फरक टाकून देते. थोडे आटवले तर कळतही नाही. पण तोच फोटो उघडून, बदलून, पुन्हा पुन्हा सेव्ह केला, की दर वेळी थोडे आणखी जाते. शेवटी चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसू लागतात. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत आलेल्या देवीच्या फोटोची कळा पाहा, म्हणजे पटेल.

२०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी कागदांचे फोटो काढणे चालले होते. कुणाचा कागद अर्धाच आलेला, कुणाची अक्षरे वाचता येत नाहीत, कुणाची फाइल मोठी म्हणून चढत नाही. तेव्हा हे ठाऊक असते तर कितीजणींच्या खेपा वाचल्या असत्या! क्रम असा ठेवावा. आधी क्रॉप, मग रिसाइज, आणि तरीही केबी जास्त भरले तरच कॉम्प्रेस. आपण नेमके उलटे करतो. मोठा फोटो आहे तसा ठेवून दाबत सुटतो आणि चेहरा ओळखू येत नाही म्हणून अर्ज परत येतो.

उजेड, मीठ आणि हळद

आता रोजच्या वापरातल्या सरकपट्ट्या, ज्या आपण बोटाने इकडेतिकडे ओढतो.

ब्राइटनेस म्हणजे सगळ्या फोटोचा उजेड सारखाच वाढवणे किंवा कमी करणे. अंधारलेला फोटो उजळतो खरा, पण भाजीत पाणी ओतावे तसे आहे. जास्त झाले की पांढऱ्या नऊवारीच्या चुण्या दिसेनाशा होतात, नुसता पांढरा डाग उरतो.

कॉन्ट्रास्ट म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक. हे फोटोतले मीठ. जुना, विटका फोटो कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला की जिवंत होतो. खारट झाला तर डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा दिसतात.

सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा गडदपणा. ही हळद. चिमूटभर हवी. वाढवत नेली की हिरवे शेत पोपटी होते आणि माणसे कावीळ झाल्यासारखी दिसतात. पट्टी पार खाली आणली की फोटो काळा-पांढरा होतो.

व्हाइट बॅलन्स हा शब्द अवघड वाटतो, पण बायकांना तो समजावून सांगावा लागत नाही! दुकानात पिवळ्या दिव्याखाली घेतलेली मोरपंखी साडी घरी अंगणात उघडली की हिरवी निघते, हे आपल्याला चांगले माहीत आहे. म्हणून तर आपण साडी दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात पाहतो. फोटोतही पिवळ्या बल्बमुळे सगळे पिवळे आणि सावलीत सगळे निळसर येते. फोटोत जे खरोखर पांढरे आहे ते पांढरे दिसावे, असे रंग सारखे करणे म्हणजे व्हाइट बॅलन्स. फोनमध्ये याला पुष्कळदा 'वॉर्म्थ' म्हणतात.

आणि फिल्टर? तो म्हणजे तयार मसाला. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंग यांचे कुणीतरी आधीच ठरवलेले मिश्रण. घाईच्या वेळी ठीक, पण रोज सगळ्याच भाज्यांना एकच मसाला घातला तर सगळ्यांची चव एकच होणार. चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारे फिल्टर तर मुलींच्या मनात आपल्याच रंगाविषयी न्यूनगंड भरतात. माझ्या वर्गातल्या एका गोड, सावळ्या मुलीने स्वतःचा खरा फोटो पाहून "मॅडम, हा नको ना" म्हटले, तेव्हा मला फार वाईट वाटले.

रफू आणि गोंदण

जुन्या फोटोवरच्या चिरा, डाग, बुरशी काढणे म्हणजे रिटचिंग. हा शब्द काही संगणकाबरोबर आलेला नाही. पूर्वी स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत, काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशाने रंगही भरत. आता तेच काम पडद्यावर होते. १९९० साली थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी केलेले 'फोटोशॉप' बाजारात आले आणि त्याचे नाव तर आता क्रियापदासारखे वापरतात. "तो फोटो फोटोशॉप केलेला आहे" असे आपण म्हणतोच की.

यातली दोन अवजारे समजून घ्या. क्लोन म्हणजे ठिगळ. फोटोच्या चांगल्या भागातले टाके उचलून डागावर बसवायचे. हील म्हणजे रफू. बसवलेल्या टाक्यांचा रंग आणि उजेड भोवतालच्या भागाशी मिळवून घ्यायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. आमच्या फोटोवर सासूबाईंच्या पदरावर एक आडवी चीर होती, ती अशा रफूने छान गेली.

पण पुढे काय झाले ते ऐका. स्टुडिओतल्या मुलाने मला खूश करायच्या हेतूने म्हटले, "ताई, एआयनं एकदम क्लिअर करून देतो." एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. पाच मिनिटांत फोटो झाला. खरोखर चकित व्हावे असा! धुरकट चेहरे स्वच्छ, डोळ्यांत चमक, पापणीन् पापणी दिसते. मी आनंदाने घरी आणला आणि सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा पुसून पाहिले. बऱ्याच वेळाने विचारले, "हे कोन होय वं?"

"अहो आई, तुमची आई!"

"माह्या मायच्या कपायावर गोंदन होतं. हनुवटीवर तीन टिपके होते. थे कुठी गेले?"

मी मूळ फोटो उघडून पाहिला. कपाळावर आणि हनुवटीवर पुसट, काळसर ठिपके होते. यंत्राने त्यांना डाग समजून पुसून टाकले होते. आणि तेवढेच नव्हे. आजीचा एक गाल थोडा बसका होता, तो भरून काढला होता. नाक सरळ केले होते. चेहरा सुंदर होता, पण तो कुणाचाच नव्हता.

यात त्या मुलाची चूक नाही. यंत्र करते काय, तर जिथे टाके कमी आहेत तिथे नवे टाके घालते. ते टाके आले कुठून? फोटोत तर नव्हते. लाखो दुसऱ्या फोटोंवरून त्याने चेहऱ्यांची घडण शिकून घेतलेली असते, त्यावरून अंदाज बांधून ते भरते. त्याला काय ठाऊक, की आपल्या वऱ्हाडातल्या बाया गोंदून घेत, आणि मेल्यावर बरोबर येते ते तेवढेच म्हणत! बाजारहाटाच्या फोटोला, वाढदिवसाच्या पत्रिकेला हे ठीक आहे. पण ज्या माणसाचा एकच फोटो आहे, त्याच्या चेहऱ्यावर अंदाजाचा हात फिरू देऊ नये.

थर आणि उसवण

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. या वेळी त्या मुलाने मला लेयर म्हणजे काय ते दाखवले. भरतकामाचा नमुना उतरवताना आपण चित्रावर पातळ कागद ठेवून गिरवतो, खालचे चित्र तसेच राहते. लेयर म्हणजे असाच पारदर्शक कागद. खाली मूळ फोटो, त्यावर एका कागदावर रफू, दुसऱ्यावर उजेड. एखादा कागद पसंत पडला नाही तर तेवढाच काढून टाकायचा. फोटोशॉपला पैसे पडतात, पण १९९६ पासून 'गिंप' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रामही आहे, त्यातही लेयर असतात. घरी संगणक असेल तर मुलांना सांगून बसवून घ्या.

अनडू म्हणजे उसवणे, शेवटचा टाका मागे घेणे. मात्र पुष्कळ अ‍ॅपमध्ये फोटो बंद केला की उसवण्याची सोय संपते. म्हणून सर्वांत महत्त्वाचा शब्द 'सेव्ह ॲज कॉपी', म्हणजे निराळी प्रत करून ठेवणे. मूळ फोटो बाजूला, कात्री प्रतीवर. आई सांगायची, नवे कापड बेतण्याआधी जुन्या चादरीवर बेतून पाहा. एवढे जरी मी पाळले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

घरच्या घरी करून पाहा

१. अल्बममधल्या जुन्या फोटोंचे आजच फोटो काढा. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला समांतर धरून. आधी कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसा.

२. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. आधी काचेसकट त्याचा फोटो घ्या, मग काय ते करा.

३. स्कॅनर मिळाला तर लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. तीन बाय चार इंचाचा फोटो १८०० बाय २४०० पिक्सेलचा होतो, आणि दुप्पट आकारात स्वच्छ छापता येतो.

४. महत्त्वाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो लहान होत नाही.

५. आधारचा नंबर झाकायचा असेल तर फिकट पेनने गिरवू नका. उजेड वाढवला की खालचे आकडे दिसू शकतात. पूर्ण काळा चौकोन ठेवा किंवा तेवढा भाग कापून टाका. आणि हो, प्रतीवर!

६. मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवा. एक आपल्याकडे, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे.

७. मागे लिहून ठेवावे तसे फाइलला नाव द्या. कोण, कुठे, कोणत्या साली. वीस वर्षांनी सांगणारे माणूस असेलच असे नाही.

आमचा फोटो शेवटी आठ बाय सहा इंचाचा छापला. दीड फुटाचा नाही. पदरावरची चीर रफू केली, पिवळेपणा काढला, कॉन्ट्रास्ट किंचित वाढवला. चेहऱ्यांना हात लावला नाही. ते थोडे धुरकटच आहेत. फोटो अजिबात क्रॉप केला नाही. डाव्या कडेला कुणाची तरी वळकटी आली आहे, उजवीकडे शकुंतलेच्या डब्याचे दार आणि त्यातून डोकावणारा एक अनोळखी मुलगा. पूर्वीची मी असते तर हे सगळे "मागची अडगळ" म्हणून कापून टाकले असते.

फ्रेम भिंतीवर लावली तेव्हा सासूबाईंनी स्टूलवर चढू नका म्हटले तरी चढून जवळून पाहिले. हनुवटीवरचे तीन ठिपके बोटाने मोजले. मग नणंदेला फोनवर सांगत होत्या, "अवं, गाडीत थे वळकटी दिसते ना, थे माह्याच मायची होय. त्यात तुह्यासाठी डिंकाचे लाडू होते."

तेव्हा मैत्रिणींनो, कापा, उजळा, रफू करा, जे हवे ते करा. पण आधी बेत, मग कात्री. आणि कात्री नेहमी प्रतीवर.